काजळी कोणत्या बाजूला?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी दोन प्रकारचे छापील कागद साचू लागतात. एक दिवाळी अंक. ते आधी कोणी वाचायचे यावरून भांडणे होतात. दुसरे नव्या घरांच्या जाहिरातींचे गुळगुळीत, जाड कागद. त्यांच्यावरून भांडण होत नाही, कारण फराळाच्या डब्यांखाली घालायला ते सर्वांना पुरून उरतात. गेली काही वर्षे मी हे दुसरे कागद डब्यांखाली जाण्यापूर्वी काढून घेतो आणि भिंग लावून पाहत बसतो. घरातली मंडळी याला माझा निवृत्तीनंतरचा चाळा म्हणतात. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. चित्र समोर आले की ते कसे केले आहे हे पाहिल्यावाचून मला राहवत नाही, त्याला माझा इलाज नाही.

या चित्रांची गंमत अशी की, ती कोणी कुंचल्याने रंगवलेली नसतात आणि कोणी कॅमेऱ्याने टिपलेलीही नसतात. ज्या घराचे ते चित्र, ते घर अजून जमिनीतून वर आलेले नसते. वास्तुशिल्पज्ञाचा नकाशा संगणकात भरायचा. भिंतीला भिंतीचा गुण द्यायचा, पितळेला पितळेचा, काचेला काचेचा. सूर्य कुठे आहे आणि दिवा कुठे आहे ते सांगायचे. आणि मग किरण कुठून निघतील, कशावर आपटतील, कोणता रंग अंगाला लावून परततील, हा सारा हिशेब यंत्रावर सोडून द्यायचा. हिशेब पुरा झाला की जे दिसते त्याला या धंद्यात ‘रेंडर’ म्हणतात. माझी एक पुतणी पुण्यात हाच उद्योग करते. या लेखात जे काही तांत्रिक आहे ते तिने मला समजावून दिलेले आहे, आणि जे मत आहे ते माझे आहे. मतांबद्दल तिला कोणी जबाबदार धरू नये. तिची नोकरी आहे.

पूर्वी अशा चित्रांत अख्खी इमारत असे, पुढे हिरवळ आणि हिरवळीवर फुगेवाली मुले. मग दिवाणखाने आले. अलीकडे हौस आली आहे ती जवळच्या चित्रांची: ओट्याचा एक कोपरा, नळाची तोटी, वाफाळणारा कप, खुर्चीच्या पाठीवर टाकलेले वस्त्र. क्लोजअप. या क्लोजअपांविषयीच मला लिहायचे आहे. आपण नाटकावर परीक्षणे लिहितो, कवितासंग्रहावर लिहितो, शे-दोनशे लोकांनी पाहिलेल्या चित्रप्रदर्शनावरही रकाना भरतो. पण ज्या चित्राकडे बघून माणूस आयुष्यभराची पुंजी आणि वर वीस वर्षांचे कर्ज ओतायला तयार होतो, त्या चित्रावर टीकेची एक ओळ कोठे छापून येत नाही. हे मला चमत्कारिक वाटते.

दूरचे चित्र पुष्कळ क्षमा करते. डोळा आकाराकडे, रंगाकडे गुंतलेला असतो. जवळ गेले की डोळ्याचे काम बदलते. तो हातासारखा वागू लागतो. हा कप गरम आहे का, हा पंचा खरखरीत आहे का, हे त्याला कळावे लागते. आणि वस्तूंची ओळख आपल्याला नावाने थोडीच असते? ती असते उजेडाच्या वागण्याने. शंका असेल त्यांनी घरातल्या घरात तीन प्रयोग करून पाहावेत.

घासून घासून जुने झालेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. त्यावरचे चरे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतील. ताट हलवा, ती वर्तुळे प्रतिबिंबाच्या मागोमाग सरकतील. वास्तविक चरे सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी प्रतिबिंबाला वळसा घालणारे तेवढेच आपल्या डोळ्याकडे उजेड परतवतात. ज्याला हे ठाऊक नाही तो चित्रकार ताटावर कायमची वर्तुळे कोरून ठेवतो, आणि ताट ग्रामोफोनच्या तबकडीसारखे दिसू लागते. दुसरा प्रयोग शहाबादी फरशीचा. पायाशी पाहा, ती मंद, राखाडी दिसेल. तीच फरशी दाराकडे, लांबवर, नजर तिरपी करून पाहा, तिच्यात दाराचा उजेड उतरलेला दिसेल. नजर जितकी तिरपी तितकी चकाकी जास्त. फ्रेनेल नावाच्या एका फ्रेंच अभियंत्याने याचे गणित एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मांडून ठेवले आहे, आणि आज प्रत्येक रेंडरच्या पोटात ते असते. तिसरा प्रयोग सणाला साजेसा आहे: करंज्यांसाठी फोडलेल्या नारळाची वाटी खवण्यापूर्वी दिव्यासमोर धरा. उजेड खोबऱ्याच्या आत शिरतो, तिथे थोडा रेंगाळतो, आणि वेगळ्याच जागेतून बाहेर येतो. म्हणून खोबरे ओले वाटते, चुन्याचा गोळा वाटत नाही. दूध, संगमरवर, मेणबत्ती, आपल्या हाताची कातडी यांचे हेच. संगणकाच्या चित्रांत हे बरीच वर्षे साधत नव्हते. दुधाचा पेला पांढऱ्या तैलरंगाने भरल्यासारखा दिसे. २००१ साली येन्सन आणि त्याच्या तिघा सहकाऱ्यांनी त्यावर व्यवहार्य तोड काढली, तेव्हा कुठे त्या जगात दूध आले.

या विद्येचा इतिहास मला फार घरगुती वाटतो. १९७५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल नावाचा संशोधक संगणकाने काढण्याजोगी एक वस्तू शोधत होता. त्याच्या पत्नीने, सँड्राने, घरातली चहादाणी सुचवली. पांढरी, पोटाला गोल, साधी. न्यूएलने तिची आकृती आलेखाच्या कागदावर उतरवली आणि आकडे यंत्रात भरले. पुढे जगातल्या प्रत्येक संशोधकाने आपली नवी युक्ती त्या चहादाणीवर तपासली. आज ती मूळ चहादाणी कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात आहे, आणि ती आकड्यांतल्या चहादाणीपेक्षा चांगलीच उंच आहे. शिवाय आकड्यांतल्या चहादाणीला आरंभी बूडच नव्हते. पन्नास वर्षांत तिच्यावर सोन्याचा मुलामा चढला, काचेची झाली, संगमरवराची झाली. चहा मात्र तिच्यात कोणी ओतला नाही. तोटीच्या टोकाशी जो तपकिरी ओघळ प्रत्येक चहादाणीला असतो तो तिला नाही. मी टीकाकार म्हणून एवढेच नोंदवतो. पुढे याचा उपयोग आहे.

दुसरी कथा एका खोक्याची. कॉर्नेल विद्यापीठात १९८४ साली चौघा संशोधकांनी एक रिकामे खोके घेतले. एक भिंत तांबडी, एक निळी, बाकीच्या पांढऱ्या. पांढऱ्या भागांवर शेजारच्या भिंतींची जी पुसट छटा पडते, ती त्यांनी गणिताने काढून दाखवली. आपल्याकडे चुन्याच्या भिंतीलगत तांबडे लुगडे वाळत घातले की भिंत गुलाबी होते, तोच हा प्रकार. परंतु तोवर संगणकाच्या खोलीत प्रत्येक वस्तू शेजाऱ्याशी अबोला धरल्यासारखी उभी असे. दोनच वर्षांनी त्याच विद्यापीठात खरे खोके आणि हिशेबाने काढलेले खोके लोकांना कॅमेऱ्याच्या काचेवर शेजारी शेजारी दाखवले, आणि खरे कोणते ते विचारले. लोकांची उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखी निघाली.

म्हणजे १९८६ सालीच प्रश्न मिटायला हवा होता. खोके खरे दिसले. पण खोक्यात कोणी राहत नव्हते, ही त्यातली मेख आहे.

धंदेवाईक कसबाच्या दृष्टीने पाहिले तर आजचे रेंडर थक्क करणारे आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पुतणीने मला एका टेबलाच्या कडेची दोन चित्रे दाखवली. पहिल्यात काहीतरी चुकत होते आणि काय ते मला सांगता येईना. ती म्हणाली, “काका, कडेची धार बघा.” सुतार फळी रंधून झाली की शेवटी कडेवरून रंध्याचा एक हलका हात फिरवतो आणि धार मोडतो, नाही तर ती हाताला लागते आणि तिचा टवका उडतो. त्या मोडलेल्या धारेवर खिडकीचा उजेड केसाएवढ्या रेघेने चमकतो. पहिल्या चित्रात ती रेघ नव्हती. गणितात दोन पृष्ठे भेटली की कड झाली. सुतारकामात एवढ्याने होत नाही. दुसऱ्या चित्रात ती रेघ आली आणि पुठ्ठ्याचे लाकूड झाले. भिंतींचेही तसेच. शिकाऊ मंडळी पांढरी भिंत म्हणजे शंभर नंबरी पांढरी भिंत असे समजतात. प्रत्यक्षात चांगली पांढरी भिंतही अंगावर पडलेल्या उजेडातला दहावा-पाचवा हिस्सा गिळून टाकते. तो हिस्सा गिळू दिला नाही तर उजेड खोलीत फिरतच राहतो, कोपऱ्यांतल्या सावल्या नाहीशा होतात, आणि खोली ताकात बुडवून काढल्यासारखी दिसते.

मेहनतही थोडी नाही. हिशेब अपुरा राहिला तर चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे ठिपके उरतात. ते निम्मे करायचे तर किरण चौपट सोडावे लागतात. यंत्रे रात्रभर घरघरत असतात. वेळ वाचवण्यासाठी हे ठिपके आपोआप पुसणारी साधने निघाली आहेत, आणि लांबच्या चित्रात ती खपून जातात. पण क्लोजअपमध्ये ठिपक्यांबरोबर पंच्याचे धागेही पुसले जातात आणि पंचा मेणाचा होतो. भिंग लावून पाहणाऱ्याला हे चटकन सापडते. माझ्या चाळ्याचा एवढा तरी उपयोग.

आता माझी तक्रार सांगतो. पूर्वी टीका होई की, संगणकाची चित्रे फार स्वच्छ असतात. वस्तू जणू आत्ताच खोक्यातून काढल्या आहेत. ही टीका मंडळींनी इतकी मनावर घेतली की आता डागांचा बाजार भरला आहे. बोटांचे ठसे, ओरखडे, धूळ, पाण्याचे वाळलेले थेंब, सगळे तयार विकत मिळते. ते आणायचे आणि पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसे सर्वांगावर सारखे पसरायचे. नऊ फुटांवर टांगलेल्या दिव्याच्या काचेवर मी बोटांचे ठसे पाहिले आहेत. घरात कोणी झाडू मारताना उडी घेत असेल तर कोण जाणे. दाराच्या मुठीवर ओरखडे चहूकडे सारखे होते. मूठ जिथे मुठीत येते तिथे ती झिजून उजळते आणि कडेला, बोटे पोचत नाहीत तिथे, काळी पडते. हे ज्याने एकदा तरी पाहिले आहे तो सारखे ओरखडे कसे मारील? डाग आहे, पण तो कोणी पाडलेला नाही. आता तर दोन वाक्ये लिहून दिली की चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत. ती डाग इतके सफाईने पाडतात की विचारूच नका. पण कोणाच्या हाताने पडला, हे त्यांना विचारून उपयोग नाही.

वस्तूंची तीच तऱ्हा. अर्धे कापलेले लिंबू, उघडे पडलेले पुस्तक, निलगिरीची डहाळी, कोचावर निष्काळजीपणे टाकलेली लोकरीची शाल. निष्काळजीपणाही दर चित्रात त्याच घडीचा. या वस्तूंचे तयार नमुने जगभर विकले जातात. त्यामुळे माद्रिदच्या ओट्यावर जे लिंबू तेच हडपसरच्या ओट्यावर. आमच्याकडच्या स्वयंपाकघराच्या चित्रात मी अद्याप मिसळणाचा डबा पाहिलेला नाही. कुकरची शिट्टी नाही, गॅसची नळी नाही, खिडकीच्या गजाला अडकवलेले फडके नाही. लोकरीची शाल मात्र आहे, आणि ती नागपूरच्या घराच्या जाहिरातीत आहे.

लिंबू अर्धे सोललेले ठेवण्याची युक्ती जुनीच आहे म्हणा. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी चांदीच्या तबकातून लोंबणारी लिंबाची साल इतकी रंगवली की ती त्या देशाची मुद्रा होऊन बसली. त्यांच्यातही धोपटमार्गी होतेच. पण त्याच देशात, डेल्फ्ट गावी, व्हर्मीर होता. दूध ओतणाऱ्या दासीचे त्याचे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. ते १६६० च्या सुमाराचे, आणि उंची-रुंदीने हातभरही नाही. त्यातली भिंत जरूर पाहावी. छापील प्रतीतही दिसते. भिंत रिकामी आहे. चुना, त्यावर पोपडे, वर एक खिळा, त्या खिळ्याची सावली, आणि खिळे उपटून काढल्याची भोके. खिडकीची एक काच फुटलेली आहे. २०२२ साली त्या संग्रहालयातील संशोधकांनी चित्राच्या रंगाखाली पाहिले, तेव्हा असे दिसले की दासीच्या डोक्यामागे व्हर्मीरने आधी जग टांगण्याची फळी योजली होती आणि खाली एक शेगडीवरची टोपली. दोन्ही त्याने स्वतःच बुजवली. जग काढले आणि भोके ठेवली! आजचा जाहिरातवाला नेमके उलटे करता. ते भोक खरे वाटते याचे कारण ते हुबेहूब रंगवले आहे एवढेच नाही. तिथे कधीकाळी काहीतरी टांगलेले होते आणि कोणीतरी ते काढले, एवढी हकीकत त्या टिंबात आहे. खुणेला कारण आहे. माझ्या मते जवळच्या चित्राची सारी परीक्षा इथे आहे: यातली प्रत्येक खूण कोणी केली, हे चित्रकाराला ठाऊक आहे की नाही?

हे संगणकाने जमत नाही असे मी म्हणत नाही. अॅलेक्स रोमन या टोपणनावाने काम करणाऱ्या स्पॅनिश कलावंताचा ‘द थर्ड अँड द सेव्हन्थ’ हा बारा मिनिटांचा चित्रपट २००९ साली आला. तो जवळजवळ एकट्याने, संगणकावर केलेला. लुई कानने बांधलेले एक्झेटरचे ग्रंथालय त्यात आहे. मी तो पुतणीच्या आग्रहाने पाहिला आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या आग्रहाने. या माणसाने उजेडाची वाट पाहिली आहे, हे पहिल्या मिनिटात कळते. त्यातही माणसे जवळजवळ नाहीत, हा मला दोष वाटतो. पण तिथले रितेपण सुट्टीच्या दिवशीच्या शाळेसारखे आहे, कालपर्यंत इथे कोणी होते असे वाटणारे.

आणि आयकियाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. या स्वीडिश दुकानाची छापील सूची १९५१ पासून निघत होती. २००६ साली तिच्यात बर्टिल नावाची एक साधी लाकडी खुर्ची छापली, आणि ती प्रकाशचित्रात नसून संगणकात बसलेली होती. कोणाच्या लक्षात आले नाही. २०१४ पर्यंत त्यांच्या मालाच्या चित्रांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश चित्रे अशीच होऊ लागली. मध्यंतरी त्यांच्याच माल-विभागातील मंडळींनी तक्रार केली की, ही संगणकी चित्रे भिकार आहेत, बंद करा. चित्रे काढून तपासली, तर भिकार ठरवलेली निघाली कॅमेऱ्याची, आणि वाखाणलेली निघाली संगणकाची. त्यानंतर त्या कंपनीने जे केले ते मला मनापासून आवडते: प्रकाशचित्रकारांना संगणक शिकवला आणि संगणकवाल्यांना खऱ्या खोलीत, खऱ्या दिव्यांखाली, कॅमेरा घेऊन उभे केले. ती सूची पुढे बंद झाली. २०२१ ची शेवटची. ती बंद करत असल्याचे जाहीर झाले तो डिसेंबर २०२० चा महिना, आणि त्याच महिन्यात नवी मुंबईत त्यांचे दुकान उघडले. आम्ही सहकुटुंब पाहायला गेलो होतो. चमचे घेऊन आलो.

आता जरा घरचे. आमची जुनी सोसायटी पाडून नवी बांधायचे ठरले तेव्हा बांधकाम करणाऱ्यांनी सुरेख पुस्तिका दिली. तिच्यात स्वयंपाकघराच्या खिडकीचे एक क्लोजअप होते: कडाप्प्याचा काळा ओटा, त्यावर पितळी पेला, आणि पेल्याच्या कडेवरून ओट्यावर लांब पसरलेले कोवळे ऊन. पत्नीने ते पान वेगळे काढून ठेवले होते. आज आम्ही त्या घरात राहतो. ओटा तसाच आहे. कडाप्पा चांगल्या प्रतीचा वापरला, खोटे कशाला बोलू. पण खिडकी उत्तरेची आहे. पुण्यात उत्तरेच्या खिडकीतून ऊन डोकावते ते जूनच्या आगेमागे, सकाळ-संध्याकाळ, तिरपे. आणि त्या दिशेला दोन हातांवर शेजारची इमारत असल्यामुळे तेही येत नाही. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले होते की, चित्र ही कलाकाराची कल्पना आहे. कल्पना माझीही पुष्कळ असते, पण मी तिचे पैसे घेत नाही.

स्थावर संपदेचा २०१६ चा कायदा या बाबतीत चांगला आहे. जाहिरातीतील किंवा नमुन्याच्या सदनिकेतील खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर भरपाईची तरतूद त्याच्या बाराव्या कलमात आहे. खोली चार फुटांनी लहान निघाली तर भांडता येते. पण पेल्याच्या कडेवरचे ऊन हे विधान आहे काय? मला वाटते, आहे. किंबहुना त्या पुस्तिकेतले ते सर्वांत ठाम विधान होते. बाकीची पाने आम्ही वाचलीही नव्हती. मी पुतणीला विचारले, सूर्य कुठे ठेवायचा हे तुमच्यात कोण ठरवतो? ती म्हणाली, “नकाशावर उत्तर दिशा असते, काका. ती भरली की सूर्य आपोआप बरोबर जागी येतो. पण मग चित्र काळोखे येते, आणि काळोखे चित्र परत येते.” ती खोटे बोलत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

हे बोलणे झाले त्याच्या पुढच्या महिन्यात तिने माझ्या आईसाठी, म्हणजे तिच्या आजीसाठी, एक चित्र करायला घेतले. सातारा जिल्ह्यातला आमचा वाडा आता उभा नाही. त्याची छायाचित्रे आहेत ती लग्नामुंजीची. त्यांत माणसेच माणसे, भिंत कोठे दिसत नाही. स्वयंपाकघराचे तर एकही नाही; तिथे कोण कॅमेरा नेणार? आईची नव्वदी जवळ आली आहे. तिच्या बोलण्यात स्वयंपाकघरातला दिव्याचा कोनाडा वारंवार येतो. पुतणीने माझ्याकडून मापे घेतली, मी आठवून कागदावर काढून दिले, आणि ऑफिसची वेळ संपल्यावर तिने तो कोनाडा उभा केला. चुन्याचा गिलावा, पोपडे, पितळेची चिमणी, वातीची ज्योत, ज्योतीच्या वर कमानीला धरलेली काजळी. पितळेत ज्योत दिसत होती आणि चुन्याला पिवळी झाक होती. मी चाळीस वर्षांचा चित्रकलेचा शिक्षक. मी त्या चित्राला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आईने टॅब डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ पाहिले. आम्हाला वाटले, आता तिचे डोळे भरून येतील. ती म्हणाली, “काजळी मधोमध कशी गं?”

पुतणी म्हणाली, “ज्योतीच्या वर धरणार ना, आजी?”

“वर कशी धरेल? मागचं दार उघडं असायचं. वारा तिकडून. ज्योत आपली सदा चुलीकडे कललेली. डाव्या अंगाला काळं होतं ते, पार खुंटीपर्यंत. दर दिवाळीला मी पोचारा मारायची, त्याच्यातूनही वर यायचं.” मग थोड्या वेळाने: “आणि हा काठ एवढा कोरा कसा? वात सारली की तेलाचं बोट तिथेच पुसायचं. सासूबाई ओरडायच्या, पण त्याही पुसायच्या.”

मी त्या भिंतीसमोर लहानाचा मोठा झालो. मला यातले काही आठवत नव्हते. मी कोनाडा पाहिला होता, तिने तो वापरला होता. व्हर्मीरच्या खिळ्यावर मी आयुष्यभर वर्गात बोललो. आमच्या भिंतीवरचा डाग मात्र मी कोथिंबिरीसारखा मधोमध टाकून मोकळा झालो, आणि पुतणीने विश्वासाने तो तसाच उतरवला. दोष असलाच तर माझा आहे.

पुतणीने रविवारी चित्र पुन्हा घेतले. नुसती काजळी सरकवून चालेना. आधी मागचे दार उघडावे लागले. चित्रात ते दिसत नाही, पण त्यातून येणारा उजेड चिमणीच्या पोटावर एका बाजूने पडू लागला, आणि चुन्याचा पिवळेपणा अर्ध्यात फिका झाला. ज्योत कलली. काजळी तिरपी झाली. खालच्या काठावर, उजवीकडे, बोटभर जागा तेलकट काळी झाली आणि तिथे चुन्याचा खरखरीतपणा मोडून गुळगुळीत चकाकी आली. पहिल्या चित्राइतके हे चित्र देखणे नाही. कमानीचा डौल काजळीने बिघडवला आहे. जाहिरातवाल्याने ते नक्की परत पाठवले असते. मला विचाराल तर या वर्षात मी जी काही चित्रे पाहिली त्यांत हे पहिले, आणि नात्याचा पक्षपात वजा करूनही मी हे म्हणतो.

आईला दाखवले. तिने काठावर, त्या काळ्या जागी, अंगठा ठेवला. पडदा हलला आणि चित्र एकदम मोठे झाले, तेव्हा ती जरा दचकली. “आता बरोबर आहे,” म्हणाली. मग तिने कोनाड्याचा तळ विचारला. तो मातीने सारवलेला होता असे तिचे म्हणणे. तिथे सागवानी फळी होती असे मला पक्के आठवते, पण माझ्या आठवणीची पत आता घरात फारशी राहिलेली नाही. आमचे एकमत झालेले नाही. तोवर पुतणीने तेवढा भाग चिमणीच्या सावलीत ठेवून दिला आहे.